चोरटा श्वास

रेकॉर्डिंगच्या धंद्यात त्याला खऱ्या नावाने कुणीच ओळखत नव्हतं. सगळे त्याला कात्री म्हणत. गाणाऱ्याने दोन ओळींच्या मध्ये हवा ओढली, ओठ चाटले, घसा खाकरला, की याचं बोट बटणावर गेलंच आणि तो आवाज उडालाच. मोठमोठे गायक त्याला मुद्दाम मागून घेत. "कात्री असला की आपण देवासारखे ऐकू येतो," असं त्यांच्यातला एक जण एकदा म्हणाला होता, आणि ते वाक्य कात्रीने वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. देवाला श्वास घ्यावा लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तो कळायला त्याला फार उशीर झाला.

संगीतवाल्यांच्या दानधर्माला लोक हसतात. कुठे आपत्ती आली की हे लगेच एकत्र जमून गाणं काढतात, डोळे मिटून फोटो काढून घेतात आणि पुढच्या आठवड्यात सगळं विसरतात. हसणाऱ्यांचं फार चुकतं असं मी म्हणणार नाही. पण आवाजपेढी हे काम मात्र खरं होतं. ज्यांचा आवाज आजारपणात जाणार आहे, अशांनी तो जायच्या आधी यायचं आणि आपली रोजची शंभर वाक्यं बोलून ठेवायची. स्टुडिओवाले रविवारी एक खोली मोकळी सोडत, रेकॉर्डिस्ट फुकट बसत आणि वर्षातून एकदा मोठे गायक कार्यक्रम करून यंत्रांची सोय करत. यंत्र म्हणजे वहीएवढा पडदा. त्यावरच्या वाक्यावर बोट ठेवलं की ते त्या माणसाच्या आवाजात बोलायचं. चार वर्षांत कात्रीने साठ माणसं रेकॉर्ड केली होती. एकसष्टावी त्याची ताई निघाली.

आई गेली तेव्हा कात्री सहा वर्षांचा होता आणि ताई सतरा. त्याला वाढवलं तिनेच. ती कोरसमध्ये गायची, चाळीस वर्षं, मागच्या रांगेत. तिचा एकटीचा आवाज एकाही रेकॉर्डवर नाही. कोरसची एक रीत असते. लांब ओळ आली की आठही जणींनी एकदम श्वास घ्यायचा नाही, नाहीतर गाण्याला भोक पडतं. प्रत्येकीने आपापल्या जागी, कुणाला कळू न देता घ्यायचा. त्याला त्या चोरटा श्वास म्हणत. आणि ताईच्या वाट्याला नेहमी अशी जागा यायची जिथे दुसरी कुणी घेणार नाही, शब्दाच्या अगदी पोटात.

चाळीस वर्षांत ही सवय तिच्या हाडीमाशी खिळली. घरीसुद्धा ती तशीच बोलायची. "कात्र्या, जेव..." इथे एक छोटासा श्वास आत जायचा आणि मग "...लास का?" तिची मुलगी, म्हणजे कात्रीची भाची, लहान असताना तिची हुबेहूब नक्कल करून पाहुण्यांना हसवायची. कामाचा फोन आला की गाणं कोणतं, गाणार कोण, असलं काही ताई विचारत नसे. तिचा एकच प्रश्न ठरलेला: "किती वाज... ता निघायचंय?"

रविवारी ती आली तेव्हा आवाज घोगरा झाला होता, पण होता. बुधवारी घशातली गाठ काढणार होते, आणि गाठीबरोबर सगळी स्वरपेटी. काचेपलीकडे बसून तिने चष्मा लावला, पर्समधून पेन्सिल काढली आणि वाक्यांच्या कागदावर बारीक बारीक खुणा करायला लागली. गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागा दाखवायला ती जशा करायची, तशा.

"ताई, हे गाणं नाहीये," कात्री म्हणाला.

"मला शिकव आता," ती म्हणाली. "कागद दिसला की हात चालतो माझा. तू तुझं बटण बघ."

ती वाचत गेली. कात्रीने सगळं लक्ष पडद्यावरच्या रेषांवर ठेवलं. "मला कुणी विचारलं का?" हे वाक्य आलं तेव्हा ताईला हसू फुटलं, मग खोकला. पाणी पिऊन झाल्यावर ती वाक्यांच्या मध्येच बोलायला लागली. तो शाळेत पहिल्यांदा गेला तेव्हा फाटकाला कसा लटकला होता ते सांगितलं. मग म्हणाली, "घाबर... लास ना? मीपण घाबरलेय रे." कात्री म्हणाला, "ताई, पुढचं वाक्य घे." हे एवढंच म्हणाला तो.

खोलीच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, कात्रीच्याच अक्षरात: 'मधलं बोलणं त्याच दिवशी पुसायचं.' त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी एक शिक्षक आले होते. दोन वाक्यांच्या मध्ये ते रडले आणि घरातलं काहीबाही बोलले, आणि कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे ते सगळं यंत्रात गेलं. त्यांच्या बायकोने ते ऐकलं. तेव्हा कात्रीने हा नियम केला होता आणि तो चांगलाच होता.

त्या दुपारी त्याने ताईची वाक्यं साफ करायला घेतली. इतक्या मनापासून त्याने उभ्या आयुष्यात काम केलं नव्हतं. ताई एकटी अशी पहिल्यांदाच ऐकू येणार, तर कशी लख्ख ऐकू आली पाहिजे! त्याने घोगरेपणा पुसला. जिथे जिथे ती शब्दाच्या पोटात थांबली होती तिथून श्वास काढून टाकला आणि दोन तुकडे असे जोडले की सांधा सापडू नये. संध्याकाळी पाच वाजता काम संपलं. नियमाप्रमाणे त्याने मधल्या बोलण्यासकट सगळं मूळ रेकॉर्डिंग पुसलं. बहिणीसाठीसुद्धा आपण नियम मोडला नाही, याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

ऑपरेशन झालं. ताईच्या गळ्याला पुढून एक भोक पडलं, त्यातून ती श्वास घ्यायला लागली. बोलायला म्हणून भाचीने तिला एक पुसायची पाटी आणून दिली. तीन आठवड्यांनी यंत्र तयार होऊन आलं आणि कात्री ते स्वतः घेऊन गेला. तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले. ताईने गळ्यावरचा रुमाल सारखा केला, बोट पुढे केलं आणि पहिलंच वाक्य दाबलं.

"कात्र्या, जेवलास का?"

आवाज काचेसारखा स्वच्छ होता. भाचीने आधी यंत्राकडे पाहिलं, मग आईकडे.

"मामा, ही आई नाहीये," ती म्हणाली. "ही बातम्या देणारी बाई आहे."

"अगं, तिचाच आवाज आहे! शंभर टक्के तिचाच."

"असेल. पण आई अशी कधी बोलली?"

ताईने तेच वाक्य पुन्हा दाबलं. कोरसमध्ये सूर लावताना करायची तशी मान तिरकी करून ऐकलं. मग यंत्र हळूच पालथं घातलं आणि पाटीवर लिहिलं: 'छान आहे. कुणाचा आहे?'

त्याच क्षणी कात्रीलाही ऐकू आलं होतं. जे आपण कचरा म्हणून काढलं, तीच ताई होती.

त्यानंतर ताईने पाटीवर लिहिणंही सोडलं. ऑपरेशननंतर रेडिएशनची तीस सिटिंग होती. पहिल्या दिवशी भाचीने गाडी बोलावली, तर ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की फार तर दोन आठवडे थांबता येईल, त्यापुढे गेलं तर ऑपरेशन केलं काय आणि न केलं काय. भाचीने विनवण्या केल्या, भांडली, शेवटी हात टेकले आणि मामाला फोन केला.

"ती मेल्यासारखी पडून असते रे," ती म्हणाली. "काही विचारलं तर मान नाही, डोळे नाहीत. तू काहीतरी कर, मामा. तूच केलंयस ना हे."

शेवटचं वाक्य बोलून ती घाबरली असावी, कारण तिने लगेच फोन ठेवला. पण ते खरंच होतं.

त्याच आठवड्यात संगीतवाल्यांच्या संघटनेच्या चिटणीसांचा फोन आला. आवाजपेढीसाठीचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. "या वर्षी आपल्याच घरातलं माणूस आहे," ते म्हणाले. "ताईंना स्टेजवर आणू. त्यांनी फक्त 'मी तुमची आभारी आहे' एवढं बटण दाबायचं. लोक रडतील हो!" माणूस वाईट नव्हता. असं रडवल्याशिवाय पुढच्या वर्षीची यंत्रं येत नाहीत, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. कात्रीने निरोप ताईला सांगितला, निदान रागाने तरी ती उठेल म्हणून. तिने कितीतरी दिवसांनी पाटी हातात घेतली आणि लिहिलं: 'त्या बातम्यांच्या बाईला पाठवा.' आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

कात्री वेड्यासारखा शोधायला लागला. आधी पुसलेलं परत मिळवणाऱ्या एका माणसाकडे गेला. त्याने डिस्क तपासली आणि मान हलवली. "यावर तुम्ही नंतर रोज रेकॉर्ड केलंय. त्या रविवारचं काही उरलेलं नाही." मग त्याने घरातले फोन, लग्नाच्या फिती, वाढदिवसाचे व्हिडिओ धुंडाळले. सगळीकडे ताई कॅमेऱ्याच्या मागे, नाहीतर कामात, नाहीतर गर्दीच्या गोंगाटात. पुढे येऊन बोलायची तिला कधी सवयच नव्हती.

शेवटी तो स्टुडिओच्या तळघरातल्या कोठारात घुसला. तिथे वर्षानुवर्षांच्या टेप पडलेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांवर ताई होती. पण आठ बायका एका माइकभोवती उभ्या राहिलेल्या. त्यातून एकीला बाजूला कसं काढणार? आणि जिथे एखादा सुटा श्वास सापडायचा संभव होता, तिथे जागा कोरी होती. ती कोणी साफ केली हे विचारायची गरज नव्हती. डब्यांवर त्याचीच सही होती. डब्यांमागून डबे, सगळीकडे त्याचीच सही. ताईचा श्वास त्याने एका रविवारी नाही, तीस वर्षं कापला होता.

तिथेच जमिनीवर बसल्यावर त्याला एक फोन आठवला. आवाजपेढीच्या दुसऱ्या वर्षी एका माणसाच्या मुलीने केला होता. "बाबांचा आवाज छान आलाय हो," ती म्हणाली होती. मग थोडं थांबून, "खूपच छान आलाय." कात्रीला वाटलं होतं, ही आपली तारीफ आहे. साठ घरं होती तशी. साठ घरांत त्याने एकेक अनोळखी माणूस बोलायला बसवून दिला होता, आणि त्या भल्या लोकांनी वर त्याचे आभार मानले होते.

गुरुवारी सकाळी त्याला एक टेप सापडली. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी सगळ्या संगीतवाल्यांनी मिळून काढलेलं गाणं, वीस वर्षांपूर्वीचं. दोन दिवसांत काढायचं म्हणून घाईत केलेलं, त्यामुळे ते साफ करायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. दुसऱ्या कडव्यात सगळे मोठे गायक थांबतात, कोरस एक लांब ओळ ओढतो, आणि त्या ओळीच्या मधोमध, एका शब्दाच्या पोटात, एका बाईचा सुटा श्वास होता. स्पष्ट. एकटा. कात्रीने तो पन्नास वेळा ऐकला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने तो श्वास उचलला, स्वतःच्या आठवणीने दहा वाक्यांत बसवला आणि दुपारी धावतपळत ताईकडे गेला.

"ताई, फक्त एकदा ऐक. एकदाच. आवडलं नाही तर मी परत तोंड दाखवणार नाही."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून ताई उठून बसली. भाची दारात येऊन थांबली. यंत्र बोललं: "कात्र्या, जेव... लास का?" भाचीचे डोळे भरून आले. "मामा..." ती म्हणाली. पण ताई ऐकत होती, मान तिरकी करून, अगदी लक्षपूर्वक. तिने ते पुन्हा लावलं. आणि मग तिचा चेहरा पडला.

तिने पाटीवर लिहिलं: 'हा माझा नाही. माझ्या डावीकडचीचा आहे.' मग खाली, लहान अक्षरात: 'ती गेली.'

चाळीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली बाई कसा श्वास घेते, हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार होतं का? आणि कात्री एका मेलेल्या बाईचा श्वास आणून बहिणीच्या तोंडात घालत होता.

कात्री पलंगाशेजारी खाली बसला. "मीच कापला, ताई," तो म्हणाला. "सगळीकडून कापला. कुठेच नाही उरला. 'मीपण घाबरलेय' म्हणालीस, तेही पुसलं मी. तुला म्हटलं, पुढचं वाक्य घे. माझा हात झडून जायला हवा होता." तो बोलतच राहिला, हुंदके देत, आणि साठ घरांचंही सांगून टाकलं. भाची पुढे आली नाही. तिचा राग गेला नव्हता.

ताईने बराच वेळ त्याला रडू दिलं. सहा वर्षांचा असतानाही ती असंच करायची, आधी रडू द्यायची. मग तिने उशाशी ठेवलेली पर्स ओढली, चष्म्याच्या घरातून एक चार घड्या घातलेला कागद काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला. वाक्यांचा कागद. शंभर वाक्यं, आणि त्यांच्यात पेन्सिलीच्या बारीक खुणा. एकही खूण जिथे शहाणा माणूस श्वास घेईल तिथे नव्हती.

कात्रीला अजूनही कळेना. ताईने वैतागून कागदावरच्या एका खुणेवर बोट आपटलं. मग गळ्यावरचा रुमाल सोडला आणि तेच बोट भोकाकडे नेलं. आत हवा जात होती, येत होती. ओलसर आवाज होता, मध्येच बारीक शिट्टी वाजायची. तिने भुवया उंचावल्या. इतक्या वर्षांच्या कामात बाकीच्या दमल्या की ओळ हिनेच पुढे न्यायची, आणि आत्ताही पुढे व्हायचं हिच्याच वाट्याला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री माइक घेऊन आला. भाचीने खिडक्यांना चादरी लावल्या, पंखा बंद केला. ताई खुर्चीत ताठ बसली, कागद गुडघ्यावर घेऊन. कात्रीने माइक तिच्या गळ्यापाशी धरला. ती एकेक वाक्य मनात म्हणायची, ओठ हलायचे, आणि खूण आली की श्वास घ्यायची. कुठे छोटा, कुठे खोल. 'मला कुणी विचारलं का?' या वाक्याला तिने तिरसटपणे घेतलेला श्वास ऐकून भाची तोंडावर हात दाबून हसली. मध्ये ताईला खोकला आला, गळ्यातून कफ आला, दोनदा थांबावं लागलं. तिचे खांदे दमून लोंबायला लागले. कात्री म्हणाला, "पुरे, ताई." तिने मान हलवली आणि कागद उलटला.

हा श्वास जुना नव्हता. जुना गेला तो गेलाच. नाकातोंडातून जाणारा, किंचित हसरा असा तो श्वास परत येणार नव्हता, आणि कात्रीला ते मरेपर्यंत विसरता येणार नव्हतं. पण या वेळी त्याने काहीही कापलं नाही. शिट्टी ठेवली, ओल ठेवली, खोकल्यानंतरची घरघरसुद्धा ठेवली. शनिवार-रविवार जागचा न हलता त्याने हे श्वास खुणेखुणेवर साफ केलेल्या शंभर वाक्यांत बसवले. आवाजपेढीच्या खोलीत त्या रविवारी दुसरा रेकॉर्डिस्ट बसला.

सोमवार हा डॉक्टरांनी दिलेला शेवटचा दिवस होता. कात्री सकाळी सातलाच आला, यंत्र टेबलावर ठेवलं आणि लांब जाऊन उभा राहिला. ताई बाहेर आली. बसली. यंत्राला हात लावला नाही. भाचीने तिच्यापुढे कप ठेवला. गेले दोन आठवडे ती रोज सकाळी जे विचारत होती तेच तिने विचारलं, आशा न ठेवता.

"आई, गाडी बोलावू का?"

ताईने कपातून दोन घोट घेतले. पडद्यावरून बोट वर-खाली फिरवलं. मग तिचं बोट एका ओळीवर टेकलं.

"किती वाज..." गळ्यातला तो ओला, शिट्टी मारणारा श्वास आत गेला, "...ता निघायचंय?"

कात्रीचं बोट सवयीने हललं. त्याने हात खिशात घातला.

भाची खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"दहा वाजता," ती न वळता म्हणाली. "मामा पण येतोय."

ताईने मान डोलावली आणि चपला शोधायला टेबलाखाली पाय घातले.